अंजनाचं ऊन

काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढून फोटोग्राफर ओरडला, "आता कोणी हालायचं नाही हां," आणि चौथीच्या सगळ्या मुलांनी श्वास धरून ठेवला. देवमन तेव्हा फाटकात होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात अकरावीच्या वर्गातून तसाच मुठीत राहिलेला खडू. पहिल्यांदा ती त्याला ओळखूच आली नाही. पुढच्या बाकावर, मुलींच्या मधोमध, एक मुलगी दात दाखवून हसत बसली होती. कपाळ उघडं, गाल उघडे, मान उघडी, आणि त्या सगळ्यावर कुणी तपकिरी रंगाचा कुंचला झटकावा तसे ठिपके. स्कार्फ आणि काळ्या चष्म्याच्या आत पाहायची सवय झालेली आपली मुलगी अंजना दिवसाच्या उजेडात अशी दिसते हे त्याला माहीतच नव्हतं. छान दिसते, असं वाटून गेलं. मग त्यानं सूर्य कुठे आहे ते पाहिलं. तो शाळेच्या कौलांवर येऊन थेट तिच्या तोंडासमोर उभा होता.

आपण कसे धावलो ते त्याला नंतर आठवेना. छत्री उघडल्याचा फट्‌ असा आवाज तेवढा आठवत होता, आणि मुलांच्या रांगेतून उठलेला हसण्याचा लोंढा. फोटोग्राफर "अहो, फोटोची काच वाया गेली ना माझी" म्हणत हात उडवत होता. मुख्याध्यापक शालिग्राम गुरुजी धोतराचा सोगा सावरत पुढं आले. भला माणूस. अंजनाला शाळेत घ्यायला कुणी तयार नव्हतं तेव्हा यांनीच घेतलं होतं, वर्गात खिडकीपासून लांबची, भिंतीकडची जागा दिली होती. "सर," ते हळू आवाजात म्हणाले, "पाचच मिनिटं तर झाली." पाच मिनिटं. "तुम्हाला सांगून ठेवलं होतं मी." "सांगितलं होतं हो. पण तिनंच स्कार्फ काढला. मी म्हटलं, राहू दे. सगळ्या पोरी फोटोत अन् ती एकटी खोलीत, बरं दिसते का ते? अन् हे तर थंडीचं ऊन आहे, कोवळं." देवमनला वाटलं, इथेच अंगणात फळा मागवावा, या माणसाला समोर बसवावं आणि पहिल्यापासून सांगावं. त्याऐवजी तो ओरडला, "तुमचं कोवळं ऊन तुमच्याजवळ ठेवा!" आणि अंजनाचा दंड धरून चालू लागला. खडू कधी मोडला कळलं नाही. तळव्याला पांढरी भुकटी लागली होती आणि तिच्या बाहीवर त्याची बोटं उमटली होती.

स्टेशनरोडनं येताना सगळं वाशीम ऊन खात बसलं होतं. जानेवारी होता. ओट्याओट्यांवर म्हातारी माणसं पाठ उन्हाला करून बसली होती, बाया पोरांना तेल लावून उन्हात निजवत होत्या, न्हाव्याच्या दुकानासमोर माणसं नुसती डोळे मिटून उभी होती. काळ्या छत्रीखाली खांद्याला खांदा लावून चाललेल्या त्या दोघांकडे पाहून एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. ते रोजचंच होतं. गल्लीतली पोरं अंजनाला बुरखेवाली म्हणत. "कधीपासून बसली होतीस?" देवमननं विचारलं. "घाम आला होता? आग होत होती?" चष्मा तिनं पुन्हा लावला होता आणि स्कार्फाची गाठ हनुवटीखाली इतकी घट्ट मारली होती की ओठ पुढे आले होते. तो मनात हिशेब करत होता आणि त्या हिशेबाचा काही उपयोग नाही हेही त्याला कळत होतं. पडलेलं ऊन परत घेता येत नाही. भाजलं असतं तर पाणी टाकता आलं असतं, काटा मोडला असता तर काढता आला असता. हे आत शिरून बसलेलं.

काय झालं असेल ते तो पाहू शकत होता, हीच खरी छळवणूक होती. कालच त्यानं वर्गात शिकवलं होतं. प्रत्येक पेशीत चार अक्षरांची एक लांब दुहेरी माळ असते, पोरांनो, शरीर कसं चालवायचं ते सगळं तिच्यात लिहिलेलं. उन्हाचा मारा झाला की या माळेत जागोजागी शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. सगळ्यांचीच चिकटतात, ओट्यावरच्या त्या म्हाताऱ्यांचीही, न्हाव्याचीही. पण काही प्रथिनं त्या माळेवरून सतत फिरत असतात. चिकटलेली जागा सापडली की तेवढा तुकडा कापून काढतात, समोरच्या माळेवर काय आहे ते पाहून नवा तुकडा भरतात, सांधा जोडतात आणि पुढे जातात. आपण चहा पीत असतो, भांडत असतो, झोपलेलो असतो, आणि आत ही डागडुजी चाललेली असते; कुणाला पत्ता नसतो. मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं होतं, "सर, अन् ते प्रथिनच नसलं तर?" आणि देवमननं, वर्गाकडे पाठ करून, "ते परीक्षेला नाही," असं म्हटलं होतं.

अंजनामध्ये ते नव्हतं. किंवा होतं ते मोडकं, कापायचं विसरलेलं. तिच्या माळेत चिकटलेलं चिकटलेलंच राही, त्यावर नवं चिकटे, पेशी दुभंगताना चुकीची नक्कल होई, चुकीची नक्कल पुढच्या पेशीत जाई, आणि असं साचत साचत एखादी पेशी सगळा आवर सोडून नुसती वाढत सुटे. निरोगी शरीरात अशा पेशीला थांबवून धरणारंही काहीतरी असलं पाहिजे, दुरुस्ती होईपर्यंत थांब म्हणणारं, असं त्याला वाटे. पण तसं त्याच्या जवळच्या एकाही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं आणि विचारायला वाशीमात कोणी नव्हतं. मागच्या वर्षी अंजनाच्या नाकाशेजारी मसुराएवढी गाठ आली. नागपूरला नेऊन काढून आणली. पुन्हा येईल, डॉक्टर म्हणाले होते, कुठे ते सांगता येत नाही, डोळ्यांना जपा.

त्याच डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा या रोगाचं नाव सांगितलं होतं. त्याआधीची वर्षं देवमनला आठवली की त्याचे दात आवळले जात. अंजना सहा महिन्यांची असताना आजीनं, म्हणजे देवमनच्या आईनं, चंपाबाईनं, तेल लावून तिला अंगणात निजवलं आणि संध्याकाळी पोर लालबुंद होऊन फोडांनी भरली. मग ठिपके आले. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं आईच्या पोटात असताना ग्रहण लागलं असेल, आणि मग एका तपासणीवाल्यानं महारोगाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या तिनं वर्षभर खाल्ल्या. शेजाऱ्यांनी तेव्हा नळावरची बादली वेगळी केली. वेगळी बादली हे घराला नवं नव्हतं. देवमनच्या बापाला शाळेत ओट्यावर, बाहेर, उन्हात बसवत, तिथूनच तो बाराखडी शिकला होता. धर्म बदलल्यावर, कॉलेज शिकल्यावर, पँट घालून फळ्यासमोर उभं राहिल्यावर ते सगळं मागं पडलं असं वाटलं होतं. आता त्याच बापाची नात भिंतीकडच्या अंधारात बसत होती आणि तिला तिथे बसवा म्हणून हात जोडणारा तो स्वतः होता. नागपूरच्या डॉक्टरांनी तो जीवशास्त्र शिकवतो म्हटल्यावर खुर्ची पुढे ओढली होती, परदेशातून आलेलं एक मासिक उघडून दाखवलं होतं, दहा वर्षंसुद्धा झाली नाहीत हा शोध लागून, म्हणाले होते. देवमननं तो लेख वाचला आणि त्याला सगळं कळलं. कळल्याचा त्याला आनंद झाला. दोन माणसं एका सुंदर गोष्टीवर बोलत होती आणि अंजना बाकावर पाय हलवत बसली होती. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "बायको नात्यातली?" "मामाची मुलगी." डॉक्टरांनी मासिक मिटलं.

घरी मामाच बसला होता. चंपाबाईचा भाऊ जानराव. देवमनच्या बायकोचा, भागिरथेचा बाप, म्हणून त्याचा सासराही. शेलूबाजारला राहणारा, सडकेच्या गँगवर मुकादमी करून निवृत्त झालेला, आयुष्यभर डांबर आणि उन्हात राहून कातडी चपलेसारखी झालेला. बशीतून चहा ओढत होता. देवमननं त्याला नुसतं "जयभीम मामा" म्हटलं आणि अंजनाला आतल्या खोलीत नेलं. त्या खोलीच्या खिडकीला आतून खाकी कागदाचे दोन थर होते. भागिरथा मागोमाग आली, एका नजरेत समजली. ओलं फडकं करून अंजनाच्या तोंडावर ठेवलं, एकदा कपाळावर, एकदा गालांवर. "कोन काढला वं स्कार्फ?" "मी." "काहून?" अंजना फडक्याखालून म्हणाली, "फोटोत सारे सारखे दिसतेत म्हनून." भागिरथेनं फडकं उलटं केलं. देवमन बाहेर आला, त्याला तिथे उभं राहवेना. त्याला कुणाला तरी दोष द्यायचा होता आणि सापडत नव्हता.

"बस बाप्पा," जानराव म्हणाला. "आनंदाची गोष्ट सांगाले आलो. माह्या पोराले, गोविंदाले एस.टी.त कंडक्टरीची नोकरी पक्की झाली. आता बाईले, तुह्या मायले म्हटलं, आपली केशर बाहेर कायले द्यायची? माहा गोविंदा अन् तुही केशर. आमची भागिरथा तुमच्याकडे, तुमची केशर आमच्याकडे. साटंलोटं." चंपाबाई पदरानं डोळे टिपत हसत होती. केशर, देवमनची धाकटी बहीण, बालवाडीत शिकवायची. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्या उभं राहण्यावरून तिला हे आधीपासून माहीत होतं, मान्य होतं, हे स्पष्ट दिसत होतं. देवमन म्हणाला, "नाई."

"नाई म्हंजे?"

"हे लग्न होनार नाई."

त्यानं खिशातला उरलेला खडू काढला आणि शहाबादी फरशीवर उकिडवं बसून चौकोन काढायला लागला. वर बापाकडून येणारं, बाजूला मायकडून येणारं. त्याला दिसत होतं की आपण भलत्या वेळी भलत्या ठिकाणी वर्ग घेत आहोत, तरी हात थांबेना. मामा, हे पाय. एका मोठ्या माणसाच्या अंगात ही खोट होती, तुमच्या माय-बापात कोनातरी. थे तुमच्यातही आली, मायमध्येही आली. एकीकडून आली तं काही होत नाई, दुसऱ्या बाजूचं चांगलं असते, थे काम चालवून घेते. तुमच्याकडून भागिरथाले आली, मायकडून मले. दोघं एका ठिकानी आलो अन् अंजनाले दोन्ही बाजूनं खोटच भेटली. कामाचं काही उरलंच नाई. आता गोविंदा भागिरथाचा सख्खा भाऊ, केशर माही सख्खी बहीन. त्याच्यातही असू शकते, हिच्यातही असू शकते.

"असू शकते," जानराव म्हणाला. "म्हंजे नक्की नाई."

"नक्की नाई. सोळात एक."

"अन् पाहाचं कसं? रक्त काढून?"

"पाहता येत नाई." खरोखरच पाहता येत नव्हतं. डॉक्टरांना त्यानं हेच विचारलं होतं, कोणाच्या अंगात आहे ते ओळखायची काही तरी चाचणी असेल, आणि ते म्हणाले होते, आणखी वीस वर्षांनी विचारा.

जानरावनं बशी खाली ठेवली. "माह्या मायबापाच्या रक्तात खोट होती म्हनतं तू. ज्या मायनं सडकेवर खडी फोडून चौघं वाढोली, जिले उभ्या जल्मात ताप नाई आला. तू शिकला, चांगलं झालं. पन तुह्या चौकटीत आमची मानसं बशोत नको जाऊ."

"मामा, खोट माह्यातबी हाय, मी कोठी नाई म्हनलं? सोळात एक म्हंजे कमी वाटते तुमाले? तुमी पाह्यलं का तिच्या नाकावरची गाठ कापताना? पाच मिनटं ऊन लागलं तं माहा जीव जाते. हे लग्न झालं तं उद्या अजून एक अंजना होईन. मी माह्या बहिनीच्या घरात अंजना होऊ देनार नाई!"

बोलून झाल्यावर त्याला घर एकदम मोठं वाटलं. चंपाबाई त्याच्याकडे पाहत नव्हती, त्याच्या मागे पाहत होती. आतल्या खोलीच्या चौकटीत अंजना उभी होती. ओलं फडकं तिच्या हातात होतं आणि पाणी पायाच्या बोटांवर ठिबकत होतं. ती घाबरलेली दिसत नव्हती. परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आला म्हणजे मुलं जशी फळ्याकडे पाहतात, तशी ती फरशीवरच्या चौकोनांकडे पाहत होती. मग आत गेली आणि दार लोटून घेतलं. भागिरथेनं पाय पुढे करून फरशीवरचा खडू पुसला, एक चौकोन, मग दुसरा, अगदी सावकाश. "माह्या पोरीचं नाव तुमी रोगाले देलं," ती म्हणाली.

त्यानंतर अंजना त्याच्याशी आपणहून बोलेनाशी झाली. रुसणं नव्हतं ते. विचारलं तर हो-नाही म्हणायची, छत्रीखाली चालायची, पुस्तक घेऊन मात्र केशरजवळ बसायची. देवमनला वाटे, समजावून सांगू. तो समजावून सांगण्यातच जगला होता. पण कुठून सुरुवात करावी? तू नको होतीस असं मी म्हटलं नाही, तुला झालेलं नको होतं. पण ते झालेलं तिच्या प्रत्येक पेशीत होतं, केसाच्या मुळापासून टाचेपर्यंत. ते वगळून उरणारी अंजना कुठे होती? ती दुसरीच कुणी मुलगी झाली असती, तिच्याशी त्याचं काही नातं नव्हतं. इथपर्यंत आला की त्याचं डोकं गरगरे आणि तो वर्गातल्या पोरांवर विनाकारण डाफरे. रात्री भागिरथा पाठ करून निजे. तीन वर्षांपूर्वी त्यानं नसबंदी करून घेतली होती. आणीबाणीच्या त्या वर्षी मास्तर लोकांवर सक्तीच होती, म्हणून कुणाला नवल वाटलं नव्हतं. खरं कारण फक्त या दोघांना ठाऊक. तेव्हा ती म्हणाली होती, "मले एकच पुरे." ते तिनं चौकोन पाहून नव्हे, अंजना होती म्हणून म्हटलं होतं हे आता त्याला कळत होतं, आणि त्याचाही राग येत होता.

केशरनं त्याला एका संध्याकाळी मागच्या अंगणात गाठलं. ती वाळलेले कपडे काढत होती, अंजनाचे पूर्ण बाह्यांचे झगे, जुन्या पायमोज्यांचे केलेले हातमोजे. "दादा, मी गोविंदाले सारं सांगतलं," ती म्हणाली. "तू काढून दाखोलं तसंच कागदावर काढून सांगतलं."

"मंग?"

"तो म्हने, मंग आपन पोरगं होऊच नाई द्यायचं काय? मी म्हटलं, पाहू. अजून तं लग्नबी नाई झालं."

"म्हंजे करनारच तुमी."

"करनार." तिनं झग्याची घडी छातीशी धरली. "सोळात एक म्हनतं ना तू? थे एक म्हंजे आपल्या अंजीसारखीच ना? मंग आली तं येऊ दे. मले कसं सांभाळाचं थे येते. भागिरथा वैनीनं शिकोलं."

"येऊ दे म्हननं सोपं हाय, केशर! डोळा गेला तं काय करशीन? तिच्या पापनीवर आलं तं? तुले वाटते कपडे शिवले, कागद लावले, झालं? मी रोज तिच्या तोंडावर पाह्यतो, रोज, अन् पाह्यतानी मले असं वाटते का आज काही सापडंन." केशरनं आणखी एक झगा ओढून खांद्यावर टाकला. "मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "पन तू हे आमाले सांगून राह्यला का सोताले, थे समजत नाई." आणि कपडे घेऊन आत गेली. तिचं म्हणणं शास्त्राला धरून नव्हतं. पण ते चूक आहे असंही त्याला कुठे बोट ठेवून दाखवता येईना. अंगणात तो एकटाच राहिला, दोरीवर अंजनाचा एक हातमोजा विसरला होता.

मार्चच्या सुरुवातीला जानराव पुन्हा आला. या वेळी बसला नाही, दारातूनच बोलला. लग्न ठरलं, शेलूबाजारच्या विहारासमोर, आणि येणं-न येणं तुही मर्जी. "दिवस बुडाल्यावर लावतो," तो म्हणाला. देवमन चमकला. वस्तीतली लग्नं सकाळी नाही तर भर दुपारी लागत, पाहुण्यांना परतीची एस.टी. सापडावी म्हणून. "संध्याकाळी काहून? पाहुने राहतीन कोठी?"

"राहतीन कोठीबी, झोपतीन विहारात." जानरावनं टोपी काढून पुन्हा घातली. "अंजीले उन्हाचं चालत नाई ना. तूच तं म्हनतं." आणि उत्तराची वाट न पाहता उतरून गेला. देवमन दाराशी उभा राहिला. या माणसानं त्याचं एक अक्षर मानलं नव्हतं. आणि तरी सगळा गाव, भटजी नसलेलं ते लग्न, भन्ते, वाजंत्री, दोन तालुक्यांतले पाहुणे, हे सगळं त्यानं सूर्याच्या पलीकडे नेऊन ठेवलं होतं. त्याला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना.

लग्नाच्या दिवशी घरचे सगळे उजाडायच्या आधीच्या गाडीनं गेले आणि शेलूबाजारला उतरल्यावर अंजनाला जानरावच्या घरातल्या ज्वारीच्या खोलीत बसवलं. तिला खिडकी नव्हती. बाहेर मांडव घालणाऱ्यांचा गलका चालला होता, डेगचीत वरण उकळत होतं, कुणी तरी कुणाला शिव्या देत होतं. दिवसभर कुणी ना कुणी अंजनाजवळ बसे. दुपारी देवमनची पाळी आली. दोघं पोत्यांना टेकून बसले. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर आली होती, आणि ती जसजशी सरकत होती तसतसा देवमन पाय लांब करून आपली चप्पल तिच्यावर ठेवत होता. अंजना म्हणाली, "बाबा, मी झाली नसती तं तुमाले बरं वाटलं असतं?"

तो सरसावून बसला. "हे पाय अंजू, मी जे म्हनलो थे असं होतं का, एखादी गोष्ट जन्माच्या आधी..."

"लंबं नका सांगू. हो का नाई, तेवढं सांगा."

ज्वारीचा वास नाकात भरला होता. बाहेर हलगी एकदाच वाजून थांबली. "नाई," तो म्हणाला.

"मंग तसं बोलत नका जाऊ." एवढं म्हणून तिनं डोकं पोत्याला टेकलं आणि डोळे मिटले. नाकाशेजारचा व्रण अंधारात दिसत नव्हता. त्याला वाटलं, संपलं, सुटलो. आणि लगेच वाटलं, काहीच सुटलं नाही, ती दहा वर्षांची आहे, पुढच्या वर्षी अजून विचारेल, अजून चांगलं विचारेल. आणि तेव्हाही कुठल्या मासिकात उत्तर नसेल.

दिवस बुडाला तसा भागिरथेनं तिला नवा पिवळा झगा घातला. बाह्या खांद्यापर्यंतच्या होत्या. देवमननं बाह्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे. "मुद्दाम शिवला," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या नजरेला नजर दिली. विहारासमोर पांढरं कापड अंथरलं होतं, मूर्तीसमोर मेणबत्त्या होत्या. आकाशात अजून थोडा तांबडा रंग होता. तो पुरता जाईपर्यंत देवमननं अंजनाला उंबऱ्यात थांबवून ठेवलं. मग सोडलं. ती धावली. चष्मा नाही, स्कार्फ नाही, हातमोजे नाहीत, उघड्या दंडांनी मुलींच्या घोळक्यात घुसली, कुणाची तरी फुलांची टोपली हिसकावून घेतली. पाहुण्यांतल्या बाया तिच्या ठिपक्यांकडे पाहून कुजबुजल्या आणि जानराव त्यांच्यावर खेकसला. केशर पांढऱ्या लुगड्यात खाली मान घालून बसली होती. गोविंदा कंडक्टरच्या नोकरीची ऐट विसरून घाम पुसत होता. भन्ते पालीतून म्हणत होते, लोक मागून म्हणत होते. देवमनचे ओठही हलत होते आणि मनात सोळात एक, सोळात एक, असं चाललं होतं. गोविंदाच्या रुंद कपाळाकडे, केशरच्या मानेकडे तो पाहत होता, जणू कातडीच्या आतलं दिसेल. दिसत नव्हतं. दोन निरोगी माणसं बसली होती. त्यांच्या अंगात ती डागडुजी बिनबोभाट चालली असणार, आणि चंपाबाई त्यांच्यावर फुलं टाकत होती.

तेवढ्यात कुणीतरी गॅसबत्ती पेटवून आणली. पंप मारल्यावर जाळी फुसफुसली, पिवळी झाली, मग डोळे दिपतील अशी पांढरी झाली, आणि माणसानं ती नेमकी मुलींच्या घोळक्याजवळच्या खांबाला अडकवली. अंजनाचं तोंड लख्ख उजळलं. देवमन उठला. गॅसबत्तीच्या उजेडात उन्हातले ते घातक किरण असतात का? असतील तर किती? त्यानं कुठेच वाचलं नव्हतं. बहुधा नसतील. बहुधा. डॉक्टरांना विचारायचं राहिलं होतं. "जरा तिकडच्या खांबाले लावा ना," तो त्या माणसाला म्हणाला. हलगी सुरू झाली होती, माणसाला ऐकू गेलं नाही. देवमन पाहुण्यांच्या पायांतून वाट काढत पुढे गेला आणि बत्ती आणि अंजना यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याची सावली तिच्यावर पडली. ती फुलांची मूठ वर धरून, टाचा उंचावून, नवरा-नवरीकडे पाहत होती. अंधार झाला तशी तिनं मान वर केली.

"बाबा, बाजूले व्हा ना," ती म्हणाली, "मले काही दिसून नाई राह्यलं."

बत्तीची धग त्याच्या पाठीला लागत होती. लोक फुलं टाकत होते. तो अर्धं पाऊल बाजूला झाला, एवढंच की तिला केशर दिसावी, आणि तिथेच उभा राहिला.